दोन कादंबऱ्यांमधली बारा वर्षे

मनोहर श्याम जोशी यांच्या कादंबऱ्या प्रकाशनाच्या क्रमाने वाचायला घेतल्या की कथानकांच्याही आधी तारखा डोळ्यांत भरतात. ‘कुरु-कुरु स्वाहा’ १९८०. ‘कसप’ १९८२. आणि त्यानंतर एकदम ‘हरिया हरक्युलीज की हैरानी’, १९९४. वयाच्या सेहेचाळीस-सत्तेचाळिसाव्या वर्षी पहिली कादंबरी देणारा आणि दोनच वर्षांत तिच्याहून सरस अशी दुसरी लिहिणारा हा लेखक पुढे बारा वर्षे कादंबरीकडे फिरकत नाही. परततो तो मात्र असा, की मग मरेपर्यंत थांबत नाही.

या बारा वर्षांत जोशी कुठे होते, हे काही गूढ नाही. ते आपल्या घरात होते. १९८४ च्या जुलैत दूरदर्शनवर ‘हम लोग’ सुरू झाली, ती त्यांनी लिहिली. १९८६-८७ मधली ‘बुनियाद’ त्यांची. ओम पुरींची ‘कक्काजी कहिन’ त्यांची, रघुवीर यादव यांची ‘मुंगेरीलाल के हसीन सपने’ त्यांची, आणि नव्वदीच्या सुरुवातीची ‘हमराही’ही त्यांचीच. मराठी घरांतसुद्धा या मालिकांची नावे आजही आठवतात. नटांची नावे तर हमखास आठवतात. लेखकाचे नाव विचारले तर बहुतेक जण आढ्याकडे बघतात. मीही त्यांतलाच होतो. ‘बुनियाद’मधले हवेलीराम आणि लाजोजी मला चांगले माहीत होते, ‘कसप’ मात्र कितीतरी उशिरा हातात पडली, आणि दोन्हींचा लेखक एकच आहे हे कळायला मुखपृष्ठाच्या आतली घडी वाचावी लागली.

त्या वेळी मी मनातल्या मनात जो निवाडा दिला तो अगदी ठरीव होता. चांगला कादंबरीकार पोटापाण्यासाठी मालिकांच्या नादी लागला, ऐन भराची बारा वर्षे गेली, नशीब म्हणून शेवटी परत आला. पुढे सगळ्या कादंबऱ्या क्रमाने वाचल्यावर हा निवाडा मला टिकवता येईना. टिकत का नाही, तेच या लेखात मांडायचे आहे. निवाड्याचा एक तुकडा टिकतोही, त्याबद्दलही ओघात बोलूच.

मराठी वाचकाला या प्रश्नाशी काय देणेघेणे, असे कुणी विचारील. आहे. विनोदी लेखक नियतकालिकातून पुस्तकात आणि पुस्तकातून पडद्यावर जातो, ही वाट आपल्याकडेही चांगली मळलेली आहे. बडोद्यात पालीचे अध्यापन करणाऱ्या चिं. वि. जोशी यांचे चिमणराव आणि गुंड्याभाऊ मुंबई दूरदर्शनवर आले ते लेखकाच्या मृत्यूनंतर, सत्तरच्या दशकाच्या अखेरीस. चिमणराव झालेल्या दिलीप प्रभावळकरांनी पुढे स्वतः ‘अनुदिनी’ हे सदर लिहिले आणि त्यातून ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’ ही मालिका उभी राहिली. दिल्लीत दूरचित्रवाणी बाळसे धरत होती तेव्हा पु. ल. देशपांडे तिथे होते. आणि तरीही ‘मालिका लिहितो’ हे वाक्य आपण साहित्यिकाबद्दल उच्चारतो तेव्हा आवाज अर्ध्या पट्टीने खाली आणतोच. हिंदीतही तेच घडले. दूरदर्शनच्या त्या पहिल्या बहराला शब्द पुरवणारे लोक मासिक-साप्ताहिकांतूनच आले होते, कारण दूरचित्रवाणीकडे स्वतःचे लेखक अजून तयार झालेले नव्हते. ‘ये जो है जिंदगी’ लिहिणारे शरद जोशी हे हिंदीतले नावाजलेले व्यंग्यकार. ‘वागळे की दुनिया’च्या मुळाशी आर. के. लक्ष्मण. (विनोद आणि जोशी या आडनावाचे काय गोत्र जुळते ते एकदा कुणीतरी तपासायला हवे.)

मनोहर श्याम जोशी कुमाऊंचे, जन्म मात्र अजमेरचा, ९ ऑगस्ट १९३३ चा. लखनौ विद्यापीठात ते विज्ञान शिकले आणि तिथेच लेखनाच्या नादाला लागले. लखनौच्या अमृतलाल नागरांना ते गुरुस्थानी मानत. बोलीभाषेवर नागरांची जी पकड होती ती आठवली की शिष्य कुठल्या शाळेतून आला ते कळते. नंतरच्या नोकऱ्यांची यादी एखाद्या फिरस्त्याची वाटावी अशी आहे. आकाशवाणी, केंद्रीय माहिती सेवा, मुंबईत फिल्म्स डिव्हिजन, मग अज्ञेयांच्या ‘दिनमान’मध्ये उपसंपादकी, आणि १९६७ पासून दिल्लीच्या ‘साप्ताहिक हिंदुस्तान’चे संपादकपद. तिथे त्यांनी दीड दशकाहून अधिक काळ काढला. मुंबईत धर्मवीर भारतींचे ‘धर्मयुग’ आणि दिल्लीत जोशींचे ‘साप्ताहिक हिंदुस्तान’ असा तो काळ होता.

साप्ताहिकाचा संपादक म्हणजे काय, हे इथे जरा थांबून पाहायला हवे, कारण माझ्या मते पुढच्या सगळ्याची किल्ली त्यात आहे. दर आठवड्याला एका अंकात कथा, भविष्य, पाककृती, क्रिकेट, राजकारण, विज्ञान आणि सिनेमा एकत्र नांदवायचे असतात, आणि प्रत्येकाची भाषा वेगळी असते. पाककृतीत चालणारे वाक्य अग्रलेखात चालत नाही. शिवाय लोकांची पत्रे येतात. ती संपादकाला स्वतःच्या साहित्यिक आवडीबाहेरची, शिकलेली न शिकलेली, रागावलेली, हळवी झालेली भाषा रोज वाचायला लावतात. जोशींनी या काळात कान तयार केला. त्याचा पुरावा म्हणजे ‘नेताजी कहिन’ हे सदर. त्यातला नेता अवधी वळणाच्या बोलीत बोलतो आणि बोलत असतानाच स्वतःला उघडा पाडत जातो. लेखक मध्ये येऊन एकदाही बोट दाखवत नाही. नेत्याला आपण लबाड आहोत असे वाटतच नाही. तो आपल्यापरीने व्यवहारी आहे, उपकारकर्ता आहे, आणि समोरच्याला ‘जगाची रीत’ समजावून सांगतो आहे. विनोद होतो तो या समजावण्याच्या सुरातून. १९८२ मध्ये सदराचे पुस्तक झाले आणि १९८८ मध्ये बासू चॅटर्जींनी त्यातून ‘कक्काजी कहिन’ केली. एकच माणूस साप्ताहिकातून पुस्तकात आणि पुस्तकातून पडद्यावर गेला, आणि या प्रवासात त्याला आपली बोली बदलावी लागली नाही, याचे मला फार कौतुक वाटते.

हाच कान ‘कुरु-कुरु स्वाहा’मध्ये मुंबईभर हिंडतो. ही कादंबरी मुंबईची आहे, हे मराठी वाचकाने मुद्दाम लक्षात घ्यावे. जोशींनी तिला गप्पांचा बायस्कोप म्हटले आहे, आणि ती खरोखर दृश्ये व संवाद यांवरच चालते. वृत्तपटांच्या धंद्यातला एक लेखक, सिनेमाच्या कडेकडेने जगणारी माणसे, आणि ‘पहुँचेली’ नावाने ओळखली जाणारी एक बाई, जिच्याबद्दल आपल्याला कळलेली प्रत्येक गोष्ट पुढच्या प्रकरणात संशयास्पद ठरते. नायक एक असून तीन आहे. भाबडा मनोहर, बुद्धिवादी जोशीजी आणि या दोघांकडे बघणारा तिसरा. मुंबईच्या रस्त्यावरची हिंदी, उर्दू, इंग्रजी, सिनेमाची भाषा आणि तंत्रमंत्राची भाषा एकमेकींच्या पायांवर पाय देत चालतात. कधीकधी हा खेळ फार लांबतो, हेही सांगायला हवे. लेखकाला आपल्या हुशारीचा मोह आवरत नाही असे पन्नासेक पानांवर तरी वाटून जाते.

‘कसप’मध्ये तो मोह आवरला आहे. प्रेमकथांच्या नायक-नायिकांच्या पहिल्या भेटी आपण बागेत, देवळात, गाडीच्या डब्यात वाचलेल्या असतात. इथे ती नैनीतालच्या एका लग्नघरात, पाहुण्यांसाठी उभारलेल्या तात्पुरत्या संडासात होते. नायक डीडी पायजम्याच्या नाडीशी झटत असतो, नायिका बेबी दार उघडते, आणि त्या घाबरगुंडीत नाडीला अशी निरगाठ बसते की पुढे ती सोडवणे हाच एक प्रसंग होऊन बसतो. वाचक मोठ्याने हसतो. पण जोशींनी या हसण्यातच कादंबरीचे सगळे दुःख पेरून ठेवले आहे. डीडी गरीब, पोरका, पुस्तकी, आणि स्वतःच्या ओशाळेपणाचा कायमचा कैदी. बेबीला त्याचा ओशाळेपणाच आवडतो, आणि त्याला नेमका तोच नकोसा झालेला आहे. तो मोठा होण्यासाठी निघून जातो, मुंबई, मग अमेरिका, आणि मोठा होऊन परततो तेव्हा परतायला जागा उरलेली नसते. ‘कसप’ या कुमाऊंनी शब्दाचा अर्थ ‘कोण जाणे’. गोष्ट सांगणारा निवेदक संस्कृतचा जाणकार आहे, तो मधून मधून प्रेमाबद्दल, नियतीबद्दल टिप्पणी करतो, आणि शेवटी त्यालाही एवढेच म्हणता येते.

इथवर आलेला लेखक १९८४ मध्ये ‘हम लोग’ लिहायला बसला. त्या वर्षी दूरदर्शनची प्रक्षेपण केंद्रे दिवसाला जवळपास एक या वेगाने उघडत होती. म्हणजे ही मालिका बघणाऱ्यांतल्या असंख्य लोकांच्या घरात किंवा शेजारच्या घरात दूरचित्रवाणी संच नुकताच आला होता. मालिकेमागची कल्पना मेक्सिकोची. ‘हम लोग’च्या इतिहासात तेव्हाचे केंद्रीय मंत्री वसंत साठे यांच्या मेक्सिको दौऱ्याचा उल्लेख हटकून येतो. मिगेल साबिदो या मेक्सिकन निर्मात्याने सत्तरच्या दशकात एक पद्धत बसवली होती. कौटुंबिक मालिकेत तीन तऱ्हेची पात्रे ठेवायची. एक चांगल्या वागणुकीचा नमुना, एक वाईट वागणुकीचा, आणि तिसरे या दोघांमध्ये हेलकावणारे, जे शेवटी सुधारते. प्रेक्षक तिसऱ्यात स्वतःला पाहतो आणि त्याच्याबरोबर सुधारतो. तिथे या पद्धतीने प्रौढ साक्षरता आणि कुटुंबनियोजन यांवर मालिका झाल्या होत्या. आपल्या सरकारलाही कुटुंबनियोजनच हवे होते.

आता ‘नेताजी कहिन’च्या लेखकाला हा आराखडा द्यायचा म्हणजे हलवायाला मधुमेहाचे पथ्यपाणी सांगायला बसवण्यासारखे. सुरुवातीचे तेरा भाग त्या बेताने लिहिले गेले आणि पडले. प्रेक्षकांना उपदेश नको होता. मग कुटुंबनियोजनाचा सूर मंद करण्यात आला आणि कुटुंब पुढे आले. दारूडा, बढाईखोर बाप बसेसर राम, मुकाट राबणारी आई भागवंती, बडकी, मझली, छुटकी, बेकार लल्लू, क्रिकेटवेडा नन्हे, आणि आजी-आजोबा. दिल्लीच्या निम्न मध्यमवर्गीय घरातली ही माणसे. दिग्दर्शन पी. कुमार वासुदेव यांचे. १९८५ च्या डिसेंबरात मालिका संपली तेव्हा तिचे दीडशेच्या वर भाग झाले होते, आणि तिच्या जोरावर तिच्या प्रायोजकांनी दोन मिनिटांत शिजणाऱ्या नूडल्स भारतीय स्वयंपाकघरात कायमच्या नेऊन ठेवल्या होत्या. सरकारने कुटुंबनियोजनासाठी काढलेल्या मालिकेतून देशाला मॅगी मिळाली. हा विनोद जोशींनी लिहिलेला नाही, पण त्यांच्या एखाद्या कादंबरीत शोभला असता.

प्रत्येक भागाच्या शेवटी अशोककुमार येत. घडलेल्या गोष्टीचा अर्थ सांगत, प्रश्न विचारत, आणि वडीलधाऱ्या खट्याळपणे निरोप घेत. साबिदोच्या पद्धतीत हे भरतवाक्य महत्त्वाचे. पाहणाऱ्याने भलताच अर्थ काढू नये म्हणून. लोकांनी मात्र आपल्याला हवा तोच अर्थ काढला. मालिकेच्या काळात चार लाखांच्या आसपास पत्रे आली, त्यांतली पुष्कळशी अशोककुमारांच्या नावे. अरविंद सिंघल आणि एव्हरेट रॉजर्स यांनी पुढे या मालिकेचा अभ्यास केला, त्यातला एक निष्कर्ष मला फार बोलका वाटतो. आराखड्याप्रमाणे भागवंती हा नकारात्मक नमुना होता. सोसत राहिले की काय होते ते तिच्याकडे पाहून बायकांनी शिकावे, तसे वागू नये. प्रत्यक्षात अनेक प्रेक्षकांना, त्यात बायकाही आल्या, भागवंतीच आदर्श वाटली. बाई असावी तर अशी, असे त्यांनी ठरवले.

हे अपयश कुणाचे? आराखड्याचे, असे म्हणून मोकळे होता येईल. पण मला त्यात लेखकाचाही हात दिसतो. जोशींना नमुने लिहिता येत नव्हते. ते ज्याला बोलायला लावत त्याला त्याची बाजू मिळे. नेताजीला मिळाली, बसेसर रामला मिळाली, आणि भागवंतीच्या मुकाटपणालाही मिळाली. एकदा पात्राला स्वतःची बाजू मिळाली की त्याच्याकडे बघून ‘असे वागू नका’ म्हणायला प्रेक्षक तयार होत नाही. १९९२ च्या ‘हमराही’त पुन्हा तेच झाले, यावेळी उलट्या बाजूने. ही मालिकाही स्त्रियांच्या स्थितीबद्दल लोकशिक्षण करायला काढलेली. हिमानी शिवपुरी यांनी रंगवलेली देवकी भौजाई ही त्यातली जहांबाज, कारस्थानी बाई. लोकांनी नाके मुरडावीत म्हणून घातलेली. लोक मालिका बघू लागले ते तिच्यासाठी.

‘बुनियाद’बद्दल थोडक्यात. रमेश सिप्पी आणि ज्योती सरूप यांची ही मालिका विनोदी नव्हे. फाळणीत उखडलेल्या एका पंजाबी कुटुंबाची ती तीन पिढ्यांची कहाणी. कुमाऊंनी ब्राह्मणाने लाहोरच्या पंजाब्यांचे घर असे बोलते करावे की पंजाबी माणसांनी ते आपले म्हणावे, यातच त्या कानाची कसोटी लागली. ‘मुंगेरीलाल’ ही जेम्स थर्बरच्या वॉल्टर मिटीची दिल्लीकर भावकी, प्रकाश झा यांनी दिग्दर्शित केलेली. तीही मुळात नियतकालिकातलीच गोष्ट. १९३९ मध्ये ती ‘न्यूयॉर्कर’ साप्ताहिकात आली होती.

आता १९९४. ‘हरिया हरक्युलीज की हैरानी’चा विषय एका वाक्यात सांगायचा तर बद्धकोष्ठ. दिल्लीत स्थायिक झालेल्या कुमाऊंनी समाजातला हरिया हा अविवाहित, सरकारी नोकरी करणारा, कशाचेच आश्चर्य न वाटणारा माणूस. एके काळी मोठ्या हुद्द्यावर असलेले त्याचे वडील आता अंथरुणाला खिळलेले आहेत, आणि त्यांचा कोठा रिकामा करणे हे हरियाचे नित्यकर्म होऊन बसले आहे. हे सगळे जोशी नाक न दाबता, तपशिलाने लिहितात. मग एक दिवस हरियाला कळते की ऑस्ट्रेलियात गूमालिंग नावाचे गाव आहे. (ते खरोखर आहे, पश्चिम ऑस्ट्रेलियात. मराठी वाचकाला या नावातली गंमत समजावून सांगायची गरज नाही.) आणि आयुष्यात पहिल्यांदा हरियाला आश्चर्य वाटते. असे गाव कसे काय असू शकते? वडिलांच्या पश्चात एका ट्रंकेतून त्यांच्या आयुष्याची लपलेली बाजू बाहेर येते, आणि हरियाची ही हैराणी त्याला कुठल्या कुठे घेऊन जाते.

कुठे, ते आपल्याला नक्की कळत नाही, कारण ही गोष्ट हरिया सांगत नाही, लेखकही सांगत नाही. ती बिरादरी सांगते. कुमाऊंनी समाजातले लोक एकमेकांना भेटतात, चहा पितात आणि हरियाचे काय झाले यावर आपापला सिद्धान्त मांडतात. एकाच्या मते ते वेड, दुसऱ्याच्या मते शाप, तिसऱ्याच्या मते साक्षात्कार. प्रत्येक जण मागच्याची गोष्ट दुरुस्त करतो. गोष्ट हळूहळू हरियाच्या हातातून निसटून सगळ्यांची होते.

इथे मला ‘हम लोग’ची ती पत्रे आठवली. ‘कसप’मध्ये एक जाणता निवेदक होता, अर्थ सांगणारा, तो हतबल झाला तरी होता. ‘हम लोग’मध्ये अर्थ सांगायला साक्षात अशोककुमार होते, आणि लोकांनी त्यांचे प्रेमाने ऐकून घेऊन आपलाच अर्थ ठेवला. ‘हरिया’मध्ये अर्थ सांगणारा उरलेलाच नाही, आणि कादंबरीचे सगळे आसन पत्र लिहिणाऱ्यांना दिले आहे. अर्थात हे माझे अनुमान आहे. निवेदनाचे तुकडे करण्याचा खेळ जोशींनी ‘कुरु-कुरु स्वाहा’तही केला होता, तेव्हा सगळे श्रेय दूरदर्शनला देता येणार नाही. पण तिथे एका माणसाच्या डोक्यात तीन आवाज होते, आणि तिन्ही लेखकाएवढेच शिकलेले. इथे आवाज एका समाजाचे आहेत, त्यांतले काही मूर्ख आहेत, काही दुष्ट आहेत, आणि एकाही आवाजाला लेखक वरून हसत नाही. साप्ताहिकाच्या संपादकाने पत्रांतून आणि मालिकेच्या लेखकाने प्रेक्षकांतून जे ऐकले होते, त्याशिवाय ही कादंबरी या घाटात मला कल्पिता येत नाही. शिवाय लांबी पाहा. ‘कुरु-कुरु स्वाहा’चा पसारा इथे नाही. गोष्ट कुठे तोडायची आणि ऐकणाऱ्याला कुठे ताटकळत ठेवायचे, हे लिहिणाऱ्याला पक्के ठाऊक झाले आहे.

किंमतही मोजावी लागली, हेच त्या जुन्या निवाड्याचे टिकणारे टोक. ‘कसप’मधली नैनीताल-अल्मोड्याची हवा, लांब वाक्यांतून सावकाश उतरणारे ते आर्जव, नंतरच्या एकाही कादंबरीत पूर्ण परतले नाही. ‘ट-टा प्रोफेसर’मध्ये ते थोडे आहे. इंग्रजी शब्द आणि उच्चार यांनी झपाटलेल्या, डोंगराळ गावातल्या शाळामास्तरांची ही गोष्ट हसवत हसवत अवघडून टाकते, आणि आकाराने एका बैठकीत संपणारी आहे. ज्यांना जोशींची ओळख करून घ्यायची असेल त्यांना मी हीच आधी देतो. इरा पांडे यांनी तिचा इंग्रजी अनुवादही केला आहे. त्या मानाने ‘हमजाद’ मला जड गेली. त्यातला सिनेमाच्या दुनियेतला बीभत्सपणा इतका सलग आहे की काही वेळाने धक्का बसेनासा होतो. जोशींची विकृती हास्यातून आली तर झोंबते, नुसती आली तर थकवते. दहा-पंधरा वर्षे सरकारी वाहिनीवर घरंदाज भाषा लिहिण्याची भरपाई लेखक इथे करत होता की काय, अशी शंका मला येऊन गेली.

या काळातही त्यांचे पडद्याचे काम सुटले नव्हते. कमल हासन यांच्या ‘हे राम’ची हिंदी पटकथा-संवादाची बाजू त्यांनी सांभाळली, आणि पटकथालेखनावर नवशिक्यांसाठी एक पुस्तकही लिहिले. ज्या कामाला साहित्याच्या दरबारात कमीपणा होता, त्याचे ते पाठ देत होते.

२००१ ची ‘क्याप’ ही त्यांच्या हयातीतली शेवटची मोठी कादंबरी. हाही शब्द कुमाऊंनीच. अर्थ साधारण आपल्या ‘काहीतरीच!’ सारखा. ज्याला आगापिछा नाही, जे पटत नाही आणि तरी समोर आहे, ते क्याप. खालच्या मानल्या गेलेल्या जातीतला निवेदक, वरच्या जातीतली उत्तरा, डाव्या चळवळीची स्वप्ने आणि त्यांचा चोथा, आणि ज्याचा इतिहास-भूगोल लेखकाने स्वतः रचला आहे असा एक डोंगरी मुलूख. निवेदक आपल्या प्रदेशाचा इतिहास पंडिती थाटात सांगू लागतो आणि वाचक काही पाने विश्वास ठेवतो. मग कळते की इथे दंतकथा, पक्षाचा अहवाल आणि वर्तमानपत्रातली बातमी सगळ्यांची प्रतवारी एकच आहे. हसू येते, पण ‘कसप’मध्ये आले होते तसे नाही. ‘कोण जाणे’ म्हणणाऱ्याला निदान असे वाटत असते की कुठेतरी, कुणालातरी ठाऊक असेल. ‘काहीतरीच’ म्हणणाऱ्याने ती आशा सोडलेली असते. या दोन कुमाऊंनी शब्दांच्या मध्ये एकोणीस वर्षे आहेत, आणि त्यांतला मोठा भाग जोशींनी देशाला रात्री एक गोष्ट सांगण्यात आणि देश ती सकाळी कशी फिरवून सांगतो ते ऐकण्यात घालवला होता.

‘क्याप’ला २००५ चा साहित्य अकादेमी पुरस्कार मिळाला. त्यानंतर काही महिन्यांतच, ३० मार्च २००६ रोजी जोशी दिल्लीत वारले. कुमाऊंनीत गप्पांना ‘फसक’ म्हणतात, आणि ‘धार’ म्हणजे आपल्या सह्याद्रीतल्यासारखीच डोंगराची धार. ‘क्याप’ जिथे घडते त्या मुलखाला जोशींनी नाव दिले आहे, फसकियाधार.